‘नगर’ म्हटले तर संगणकाला कळेल का?

ऑक्टोबर २०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे आणि नामांतराची घोषणाही ३१ मे २०२३ रोजी, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, तिथेच झाली होती. अधिसूचनेनंतर पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलू लागले. बोलण्यात मात्र बहुतेकांसाठी ते आधीही ‘नगर’ होते आणि आताही ‘नगर’च आहे, कोणतेही नाव घ्या, ऐकणाऱ्याला ठिकाण कळते. संगणकातल्या नोंदींना ही समज नसते. २०११च्या जनगणनेच्या तक्त्यांत या जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंगही रोजच्या वापरातले नाही: ‘एम’नंतर आपण ‘ई’ लिहितो, जनगणनेने तिथे ‘ए’ लिहिले आहे. म्हणजे नामांतराच्या आधीच एका जिल्ह्याची दोन रूपे होती, आता तीन झाली आणि देवनागरीतली वेगळीच. या तक्त्यांतून माहिती काढून देणाऱ्या प्रोग्रॅमला यांपैकी एखादे नाव सांगितले तर तो काय करतो, यावर पुढच्या सगळ्या आकड्यांचा खरेपणा अवलंबून असतो. माझे म्हणणे असे की, ज्या नावाने प्रोग्रॅम एकदा ओ देत होता ते नाव त्याने पुढेही ओळखले पाहिजे, आणि जे नाव ओळखता येत नाही ते कानावर पडल्यावर त्याने गप्प बसता कामा नये. ऐकायला हे साधे आहे. प्रत्यक्षात रोज मोडले जाते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. संगणकाला काम सांगण्याची आपल्या सवयीची रीत म्हणजे पडद्यावरच्या चित्रांवर बोट किंवा माउस टेकवणे. त्याहून जुनी रीत म्हणजे कामाची एक ओळ टाइप करून एंटर दाबणे. तिला कमांड लाइन म्हणतात. ओळीतला पहिला शब्द प्रोग्रॅमचे नाव असतो आणि पुढचे शब्द काम नेमके कसे व्हायला हवे ते सांगतात. समजा, पावसाचे आकडे काढून देणारा ‘पाऊस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला ‘पाऊस --जिल्हा अहमदनगर --तालुका पारनेर --वर्ष २०१८’ अशी ओळ दिली जाते. दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे शब्द म्हणजे ऑप्शन आणि त्यांच्यापुढचे शब्द म्हणजे त्या ऑप्शनला दिलेली माहिती. प्रोग्रॅमच्या हातात पडते ती फक्त शब्दांची रांग. त्यातला कोणता शब्द ऑप्शन, कोणता त्याचा जोडीदार, कोणता फायलीचे नाव, कोणता चुकून आलेला, हे त्याला स्वतः लावून घ्यावे लागते. या वाचनाला ऑप्शन पार्सिंग म्हणतात. ‘नगर’ हा शब्द जिल्ह्यासाठी वापरतात आणि तालुक्यासाठीही. म्हणून ‘--जिल्हा नगर’ आणि ‘--तालुका नगर’ या दोन ओळींचे उत्तर वेगळे यायला हवे. प्रोग्रॅमने ही ओळ चुकीची वाचली, तर पुढचे गणित कितीही अचूक असले तरी ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर असते.

या वाचनाची शिस्त हळूहळू आली. १९७०च्या दशकातल्या युनिक्स या संगणकप्रणालीत ऑप्शन एकेका अक्षराचे असत आणि जो तो प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने ते वाची. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही कमांड आजही रेघ देऊन आणि रेघ न देता अशा दोन घराण्यांच्या रीतींनी चालते. एटीअँडटीने ‘गेटऑप्ट’ हा ऑप्शन वाचणारा कोड १९८५मध्ये सर्वांसाठी खुला केला, तेव्हापासून निदान मूलभूत व्याकरण एक झाले. पुढे मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाने पूर्ण शब्दांचे, दोन रेघांचे ऑप्शन रूढ केले. आज पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला हे वाचन तयार मिळते. पण तयार मिळते ते व्याकरण. दिलेल्या नावाचे काय करायचे, हा निर्णय अजूनही लिहिणाऱ्याचाच असतो.

कमांड लाइन आता वापरतो कोण, असे विचारले जाते. हाताने टाइप करणारे थोडे असतील, पण चालणाऱ्या कमांडी कमी नाहीत. एखाद्या वेबसाइटवर बटण दाबले की मागच्या सर्व्हरवर बरेचदा अशीच एखादी ओळ चालते. रात्री ठरल्या वेळी आकडे गोळा करणाऱ्या, बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्ट म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या कमांडीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या ‘प्रत्यूष’सारख्या महासंगणकावर कामे सोपवली जातात तीही अशाच ओळींनी. माझ्या मुद्द्याचा पाया इथेच आहे. टाइप करणारा माणूस वर्तमानपत्र वाचतो, नामांतर झाल्याचे त्याला कळते, चुकले तर तो ओळ सुधारून पुन्हा देतो. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट राजपत्र वाचत नाही. ती रोज रात्री तेच जुने नाव घेऊन येणार. ऑप्शनची आणि त्यात चालणाऱ्या नावांची खरी गिऱ्हाइके या स्क्रिप्ट आहेत, आणि त्यांची बाजू मांडायला तिथे कोणी हजर नसते.

आता गप्प बसण्याचा दोष जवळून पाहू. नकाशांवर काम करणारे लोक ‘जीडाल’ या मुक्त संचातले ‘ओजीआर-टू-ओजीआर’ हे साधन सर्रास वापरतात. देशाच्या जिल्हा-नकाशातून एकच जिल्हा वेगळा काढायचा असेल, तर त्याला ‘-व्हेअर’ हा ऑप्शन देऊन जिल्ह्याचे नाव सांगतात. नकाशाच्या फायलीत जनगणनेचे स्पेलिंग असेल आणि तुम्ही अहिल्यानगर दिले, तर साधन कुरकुर करत नाही. ते शांतपणे नवी फाइल तयार करते. तिच्यात रकाने सगळे असतात, जिल्हा मात्र नसतो. काम यशस्वी झाल्याचा संकेतही मिळतो. साधनाच्या बाजूने म्हणता येईल की ‘या नावाचा एकही जिल्हा नाही’ हेही उत्तरच आहे आणि तेच त्याने दिले. तर्काला ते धरून आहे. पण पुढची स्क्रिप्ट ती रिकामी फाइल उचलून बेरीज करते, बेरीज शून्य येते, आणि शून्य हा आकडा दिसायला अगदी सभ्य असतो. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ‘ग्रेप’ची वागणूक मला अधिक प्रामाणिक वाटते: शब्द सापडला तर ते शेवटी शून्य हा संकेत देते, सापडला नाही तर एक, आणि शोधच नीट झाला नाही तर दोन. ‘नाही’ आणि ‘होय’ यांच्यातला फरक ते पुढच्याला कळू देते.

याहून वाईट उदाहरण घड्याळाचे आहे, आणि लिनक्स असलेल्या कोणालाही ते करून बघता येईल. तारीख-वेळ दाखवणाऱ्या ‘डेट’ या कमांडच्या आधी ‘टीझेड’ला (टाइम झोनला) शहराचे नाव दिले की तिथली वेळ दिसते. भारतासाठी ते नाव ‘एशिया/कोलकाता’. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चुकून एक ‘टी’ जास्त पडला, तर चूक झाल्याचा एक शब्दही येत नाही. भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची, म्हणजे ग्रिनिचची वेळ छापली जाते आणि तिच्यापुढे ‘एशिया’ असे छापून येते, जणू हे आशियातलेच घड्याळ आहे. रिकामी फाइल निदान रिकामी दिसते. इथे चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्या वेषात येते.

पण याच कोलकात्याच्या नोंदीत चांगला धडाही आहे. जगभरच्या संगणकांना आणि मोबाइलना स्थानिक वेळ पुरवणारी एक सामाईक नोंदवही आहे. शहराचे अधिकृत नाव २००१मध्ये बदलले. नोंदवहीत ते २००८मध्ये बदलले. बदलताना सांभाळणाऱ्यांनी ‘एशिया/कलकत्ता’ खोडले नाही. जुन्या नावांच्या वेगळ्या यादीत ते ठेवले आणि त्यापुढे नव्या नावाकडे बोट दाखवले. त्यामुळे जुन्या नावावर चालणारे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले नाहीत. ही सोय काढून घेतली की काय होते, तेही अलीकडे दिसले. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरणांनी जुन्या नावांचा गठ्ठा वेगळा काढला, जो मागितल्याशिवाय बसवला जात नाही. विंडोजवर चालणारे जावा प्रोग्रॅम अनेकदा अजूनही ‘एशिया/कलकत्ता’च पाठवतात. समोरच्या डेटाबेसला ते नाव माहीत नसले की तो जोडणीच नाकारतो, आणि आपल्याकडचे कितीतरी नवखे प्रोग्रॅमर चूक दाखवणाऱ्या या संदेशापुढे डोके धरून बसतात. तरीही घड्याळाच्या त्या खोट्या उत्तरापेक्षा हा नकार मला परवडतो. तो निदान काय चुकले ते सांगतो.

नावासारखीच जुनी रीतही किती खोल रुजलेली असते याचा पुरावा युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या २००१च्या पॉसिक्स मानकानंतर मिळाला. फायलीचा शेवटचा भाग दाखवणाऱ्या ‘टेल’ला पूर्वी अधिक चिन्ह आणि ओळीचा आकडा दिला की त्या ओळीपासून पुढचा मजकूर मिळे. मानकाने ही रीत वगळली, ग्नूच्या साधनांनी काही काळ मानकाबरहुकूम ती नाकारली, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्ट अडखळू लागल्या. पुढे धोरण सैल करावे लागले. उलट ‘जीडाल’ने मे २०२५मध्ये आपल्या अनेक साधनांना एका नव्या कमांडखाली आणले, दोन रेघांच्या ऑप्शनची एकसारखी रीत लावली, पण ‘ओजीआर-टू-ओजीआर’ आणि त्याची भावंडे जागेवर राहू दिली. नवे घर बांधून झाले म्हणून जुन्याचा दरवाजा विटांनी बुजवला नाही.

नावे मान्य करण्यात इतके औदार्य दाखवायचे, तर मग अर्धवट नावही समजून घ्यावे, असा मोह होतो. ग्नूची पद्धत थोडीशी तशी आहे: मोठ्या ऑप्शनची पहिली काही अक्षरे दिली आणि ती एकाच ऑप्शनशी जुळली, तर चालते, दोन ऑप्शनशी जुळली, तर ती दोन्ही नावे दाखवून प्रोग्रॅम थांबतो. ही पद्धत आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. चौदा तालुक्यांत ‘श्री’ने सुरू होणारे दोन आहेत, श्रीगोंदा आणि श्रीरामपूर; एक भीमेकाठी दक्षिणेला, दुसरा उत्तरेच्या कालव्यांच्या पट्ट्यात. ‘राह’ म्हणावे तर राहाता आणि राहुरी. ‘जाम’ एवढ्यावर जामखेड मिळेल, पण जळगाव जिल्हा यादीत आला की जामनेरही येते, आणि कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट आज थांबते. संपूर्ण नावही पुरत नाही: कर्जत नगर जिल्ह्यात आहे आणि रायगडमध्येही. एकात अवर्षणप्रवण माळरान, दुसऱ्यात कोकणचा धो-धो पाऊस. जिल्हा न सांगता ‘--तालुका कर्जत’ म्हणणाऱ्याला प्रोग्रॅमने अंदाजाने एक कर्जत दिले, तर पावसाच्या आकड्यांचा काय अनर्थ होईल ते सांगायला नको. म्हणून माझ्या मते माहीत असलेली सगळी नावे घ्यावीत, अंदाज मात्र एकही करू नये. ‘गिट’ हे प्रोग्रॅमरांचे रोजचे साधन असेच वागते. कमांडचे स्पेलिंग चुकले तर ते सर्वांत जवळचे नाव सुचवते, पण आपण वेगळे सांगून ठेवले नसेल तर स्वतःहून ते काम करत नाही.

नावाचा आकारही घात करतो. औरंगाबाद हा एक शब्द होता. २०२३मध्ये जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला आणि मध्ये मोकळी जागा आली. कमांड लाइनवर मोकळी जागा म्हणजे शब्दाचा शेवट. स्क्रिप्ट लिहिताना जिल्ह्याचे नाव अवतरणचिन्हांत ठेवायचे राहिले असेल, तर ती चूक एकशब्दी नावांमुळे वर्षानुवर्षे झाकून राहते. नवे नाव आले की ‘--जिल्हा’च्या वाट्याला फक्त ‘छत्रपती’ येते आणि ‘संभाजीनगर’ हे प्रोग्रॅमला एखाद्या फायलीचे नाव वाटते. आडव्या रेघेचे तर त्याहून गंभीर. २००७मध्ये सोलारिस १० या प्रणालीत असे आढळले की दूरवरून लॉग-इन करताना वापरकर्त्याचे नाव म्हणून रेघ, ‘एफ’ आणि ‘रूट’ (सर्वाधिकार असलेले खाते) असे लिहिले, की आतला लॉग-इन प्रोग्रॅम त्याला नाव न समजता ऑप्शन समजे. त्या ऑप्शनचा अर्थ ‘या माणसाची ओळख आधीच पटली आहे’. पासवर्डशिवाय दार उघडे. अशाच धर्तीची चूक १९९४मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या प्रणालीवरही सापडली होती. नुसत्या दोन रेघा देऊन ‘इथून पुढे ऑप्शन नाहीत’ असे सांगण्याची सोय आहे ती अशासाठीच. आणि मराठीची स्वतःची एक गाठ: कऱ्हाडमधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका अक्षराने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. तुलनेआधी दोन्ही एका रूपात आणले नाहीत, तर कऱ्हाडलाच कऱ्हाड सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप सांभाळण्याच्या ओझ्याचा असतो: जुनी नावे किती काळ बाळगायची? पण इथे बाळगायचे काय, तर एक तक्ता. जमिनीच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुनी खरेदीखते रद्दीत गेली नाहीत. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ही नोंद ठेवली गेली आणि आजही वाद उभा राहिला की ती काढली जाते. प्रोग्रॅमच्या आत जिल्हा नावाने ओळखावाच कशाला? २०११च्या जनगणनेत नगरचा सांकेतिक क्रमांक ५२२ आहे. बाहेरून आलेले कोणतेही नाव उंबरठ्यावरच अशा क्रमांकात बदलले, की आतल्या गणिताला नामांतराची झळ लागत नाही. दुसरा आक्षेप भावनेचा आहे: शासनाने नाव बदलल्यावर जुने नाव चालवणे म्हणजे निर्णयाचा अवमान. मला तो पटत नाही, कारण ऐकणे आणि बोलणे वेगळे आहे. प्रोग्रॅमने ऐकावे कोणतेही नाव, छापावे मात्र अधिकृतच. जुने नाव घेऊन आलेल्या स्क्रिप्टला अहिल्यानगर लिहिलेला तक्ता मिळाला, तर नव्या नावाचा प्रसारच होतो.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला मर्यादा घालून दिली आहे. नाव तेच राहूनही प्रदेश बदलतो. २०११च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा आणि आजचा ठाणे जिल्हा एक नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. तिथे ‘--जिल्हा ठाणे’ हे वर्षानुवर्षे जसेच्या तसे स्वीकारणे म्हणजे फसवणूक ठरेल. नगरचे तसे नाही, कारण इथे फक्त नाव बदलले. १७,०४८ चौरस किलोमीटरचा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा आणि त्याचे चौदा तालुके होते तसेच राहिले. पण जिल्हा विभाजनाची मागणी इथे फार जुनी आहे. ती उद्या मान्य झाली, तर अहमदनगर म्हणजे अहिल्यानगर हे समीकरण त्या तारखेपर्यंतच खरे राहील. तेव्हा तक्त्यात नावासोबत तारखाही हव्यात, आणि मागितलेल्या वर्षांच्या मध्ये हद्द बदललेली असेल तर प्रोग्रॅमने थांबून विचारावे.

राहता राहिला सूचनेचा प्रश्न: जुने नाव आले की प्रत्येक वेळी टोकावे का? ग्नूच्या ‘ग्रेप’ने २०२२मध्ये ‘ईग्रेप’ या जुन्या नावाने बोलावणाऱ्याला तशी समज द्यायला सुरुवात केली, आणि बिनबोभाट चालणाऱ्या असंख्य स्क्रिप्टच्या नोंदी त्या एका ओळीने भरू लागल्या. त्यापेक्षा कोणते नाव कोणाचे मानले हे निकालाच्या माथ्यावर एकदा लिहावे: ‘अहमदनगर हे अहिल्यानगर, क्रमांक ५२२, असे धरले आहे.’ पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे तक्ते येतील तेव्हा त्यांत अहिल्यानगर असेल, २०११च्या तक्त्यांत ते जुने स्पेलिंग, आणि सोळा वर्षांत पारनेरची, पाथर्डीची किती माणसे पुण्या-मुंबईकडे गेली हे शोधणारा विद्यार्थी दोन्ही फायली एकाच कमांडला देईल. त्याला तालुके चौदाच्या चौदा जुळलेले मिळाले पाहिजेत, आणि एखादा जुळला नाही तर त्याचे नाव पडद्यावर दिसले पाहिजे.